नावाचा रकाना

घड्याळजी त्या संध्याकाळी दुकान तासभर आधीच बंद करून निघाला, तो स्पीकर आणायला. मोठे नकोत, गाणी ऐकायची नाहीत, माणसाचा आवाज तेवढा स्वच्छ आला पाहिजे, असं त्याने दुकानदाराला सांगितलं. दुकानदाराने दोन छोटे काळे डबे पुढे केले. घड्याळजीने ते कानाशी धरून हलवून बघितले, घड्याळं बघायची सवय ती, आणि पिशवीत टाकले.

इथवर सांगून वायरमन काका थांबले. नव्या इमारतीच्या सातव्या मजल्यावर, अजून खिडक्या न बसलेल्या खोलीत चौघं पोरं अंथरुणं पसरून पडली होती. जनरेटर बंद झाला होता. उजेड होता तो प्लंबरच्या फोनचा. त्याने नवा फोन घेतला होता आणि जुन्या खात्याला आपण नाव काय दिलं होतं तेच त्याला आठवत नव्हतं. पेंटर मघापासून त्याची टर उडवत होता की हा बोहल्यावर उभा राहून भटजींनाच विचारणार, माझं नाव काय म्हणून. सगळे हसले होते. काका हसले नव्हते.

"ही गोष्ट खरी आहे का काका?" फरशीवाल्याने विचारलं.

"घड्याळजी माझा शेजारी. भिंतीला भिंत लागून. खोटी वाटत असेल तर तू झोप."

कोणी झोपलं नाही. प्लंबरने फोन उपडा ठेवला.

घड्याळजीची बायको जाऊन तेव्हा वर्ष उलटलं होतं. मूलबाळ नाही. घरात दोघंच असायची, आता एकटाच. ती टायपिंग करायची, आधी एका कंपनीच्या ऑफिसात आणि गुडघे दुखायला लागल्यावर घरून. डॉक्टर लोक पेशंट तपासून झाला की त्याची हकीकत बोलून रेकॉर्ड करतात. ते रेकॉर्डिंग तिच्याकडे यायचं. कानाला हेडफोन लावून ती ऐकायची आणि भराभर टाइप करायची. एखादा शब्द कळला नाही की मशीनवरच आपला प्रश्न बोलून परत पाठवायची. डॉक्टर, दुसऱ्या पेशंटचा डावा पाय म्हणालात की उजवा? स्वयंपाकघरातून घड्याळजी म्हणायचा, अगं नीट विचारून घे, नाहीतर चांगल्या पायाला प्लास्टर घालतील.

ती गेल्यावर काही महिन्यांनी घड्याळजीच्या एक गोष्ट ध्यानात आली. तिचा चेहरा आठवायचा, चालणं आठवायचं, रागावली की भांडी कशी ठेवायची ते आठवायचं. आवाज आठवेना. ती काय बोलायची ते सगळं पाठ होतं, पण मनात ते शब्द उमटायचे ते त्याच्याच आवाजात. त्याचा फोन बटणांचा, त्यात ना फोटो ना व्हिडिओ. रात्री तो डोळे मिटून प्रयत्न करायचा. अगदी जवळ आल्यासारखं वाटायचं आणि निसटायचं. तिचा आवाज ह्या जगात कुठे शिल्लक असला, तर तो त्या कॉम्प्युटरमध्ये, डॉक्टरांना विचारलेल्या त्या प्रश्नांत.

आणि कॉम्प्युटर उघडेना.

मशीन मुळात कंपनीचं. कंपनीने नवी घेतली तेव्हा जुनं तिलाच देऊन टाकलं. त्या कंपनीत एकेका मशीनवर तीन पाळ्यांत तिघी जणी बसायच्या, म्हणून पडद्यावर कुणाचंच नाव दिसू द्यायची पद्धत नव्हती. तुमच्या फोनवर कसं नाव आधीच लिहून येतं, तसं नाही. चालू केलं की दोन रिकामे रकाने यायचे. वरच्यात नाव, खालच्यात पासवर्ड. ज्याचं त्याने घालायचं.

पासवर्ड त्याला ठाऊक होता. हॉस्पिटलमध्ये शेवटच्या आठवड्यात तिनेच सांगितला होता, लग्नानंतरच्या पहिल्या खोलीचा नंबर आणि पुढे गल्लीचं नाव. सवड झाली की उघडा, म्हणाली होती. नाव तिने सांगितलं नाही आणि त्याने विचारलंही नाही. बायकोचं नाव काय विचारायचं?

तर घातलं तिचं नाव. चूक. नाव-आडनाव जोडून घातलं. चूक. माहेरचं घातलं. भाऊ तिला लहानपणी ज्या नावाने चिडवायचे ते घातलं. शेवटी मांजरीचंसुद्धा घालून बघितलं, मांजरीलाही कोणी आत घेईना. पाच वेळा चुकलं की मशीन अर्धा तास रुसून बसायचं. अशी त्याने किती अर्ध्या तासांची माती केली असेल, त्याचं तोच जाणे.

त्यात मशीन आतून टिकटिक करायला लागलं. घड्याळातली टिकटिक निराळी. ही मध्येच अडखळायची. त्याचा भाचा दुसऱ्या शहरात कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानात होता. त्याने फोनवर ती टिकटिक ऐकली आणि म्हणाला, मामा, आतली डिस्क जायला आली. काय करायचं ते ह्या आठवड्यात. त्याने कुरिअरने एक पेनड्राइव्ह पाठवली. स्पीकर घड्याळजीने आपल्या मनाने आणले.

ती रात्र जानेवारीतल्या शेवटच्या शनिवारची. अमावास्या वगैरे काही नव्हतं, चांगलं चांदणं पडलं होतं. भाचा दुकान आवरून, जेवून मोकळा झाला आणि साडेअकराला त्याने फोन लावला.

पेनड्राइव्ह लावून मशीन कसं चालू करायचं ते त्याने पायरीपायरीने सांगितलं. फाइली उघडणार नाहीत, म्हणाला, कंपनीचं कुलूप आहे. पण ज्याने ज्याने ह्या मशीनवर खातं उघडलं असेल त्याच्या नावाची एकेक पेटी आत असते. पेटी उघडली नाही तरी वरचं नाव वाचता येतं. तेच आपल्याला हवंय.

घड्याळजीने सवयीने डोळ्याला भिंग लावलं, मग हसून काढलं आणि चष्मा घातला. पडद्यावर तीन नावं होती. पहिली दोन मशीनची स्वतःची, ती सोडून दे, भाचा म्हणाला. तिसरं वाच.

घड्याळजीने एकेक इंग्रजी अक्षर वाचलं. ए. एच. ओ. पुढे काही नाही.

भाचा म्हणाला, कंपनीचा कोड असेल कसलातरी. मग वाट बघत राहिला. पलीकडून काहीच येईना.

"मामा? आहेस ना?"

"अहो," घड्याळजी म्हणाला.

"काय?"

"अहो. मला हाक मारायची ती."

तीस वर्षांत तिने त्याला नावाने हाक मारली नव्हती. बाजारात, जिन्यातून, आजारपणात, सगळीकडे तेवढंच. आणि ती शंभरदा म्हणाली होती, बसा माझ्याशेजारी, शिकवते तुम्हाला, दुकानाचं काम होईल. तो म्हणायचा, उद्या. तिने त्याच्यासाठी खातं उघडून ठेवलं होतं, तिच्या मनात त्याचं जे नाव होतं त्या नावाने. तो मात्र वर्षभर त्या रकान्यात बायकोला शोधत बसला होता.

पेनड्राइव्ह काढली. पुन्हा चालू केलं. वरच्या रकान्यात ती तीन अक्षरं, खालच्यात पासवर्ड. मशीन उघडलं.

भाच्याने इथे बघ, तिथे बघ केलं. मग त्याचा आवाज उतरला. मामीने काम सोडलं तेव्हा कंपनीने तिचं खातं सगळ्या कामासकट पुसून घेतलं होतं. डॉक्टर नाहीत, प्रश्न नाहीत. ह्या खात्यात तर काहीच दिसत नाही, म्हणाला. "मामा, वाईट वाटून घेऊ नकोस. उद्या सकाळी नीट बघू. झोप आता."

त्याने फोन ठेवला.

घड्याळजी तसाच बसून राहिला. नवे स्पीकर पडद्याच्या दोन बाजूंना, तारा जोडलेल्या. मांजर पायाशी होती, ती उठून दारापलीकडे गेली. पडद्याच्या कोपऱ्यात माइकचं एक चित्र होतं. ते त्याला ओळखीचं वाटलं. बायको मशीन उघडायची तेव्हा हे आपोआप वर यायचं, तिने तसं लावून ठेवलं होतं. त्याने त्यावर दाबलं.

आत रेकॉर्डिंगं होती. पुष्कळ. एकाखाली एक.

पहिल्याची तारीख त्याने वाचली. परत वाचली. ती गेली त्यानंतरची होती. चौथ्या रात्रीची. त्याच्या खालची पाचव्या रात्रीची. त्याच्या खालची सहाव्या. एकही रात्र सुटलेली नव्हती.

सेल गेला असेल, असं त्याच्या मनात आलं. घड्याळजीच तो. आतला सेल गेला की वेळ भलतीच दाखवतात. त्याने पडद्यावरची वेळ आणि भिंतीवरची वेळ ताडून बघितली. बरोबर होती.

मग त्याने त्यातलं एक लावलं.

आधी नुसता पंखा. मग स्वयंपाकघरातल्या नळाचं ठिबकणं. म्हणजे हेच घर. मग एक पुरुष बोलला.

"हं."

मग काही नाही. बराच वेळ.

"नाही, जागाच होतो."

परत शांतता.

"दूध तापवलं. हो... झाकण ठेवलंय."

घड्याळजीला तो आवाज ओळखायला वेळ लागला. आपला आवाज आपल्यालाच परका लागतो. तो त्याचाच होता. तो कुणालातरी उत्तरं देत होता. प्रश्न कुठेच नव्हते. प्रश्नांच्या जागी नुसता पंखा.

त्याने दुसरं लावलं.

"आज तीनच घड्याळं आली... तो? तो वकील. त्याचं घड्याळ कशाला बिघडतंय, बायको बोलत नाही म्हणून येतो माझ्याशी गप्पा मारायला..."

आणि मग तो हसला. मोकळा, पोट धरून. तिकडे कुणीतरी काहीतरी म्हणालं असणार, कारण तो परत हसला, थांब थांब म्हणाला आणि आणखी हसला.

घड्याळजी पडद्याकडे बघत बसला. वर्षभरात तो हसला नव्हता. निदान त्याला तरी तसं वाटत होतं. त्याला भीती वाटली नाही, पोरांनो. त्याला त्या माणसाचा हेवा वाटला. ह्याला रोज कुणीतरी विचारत होतं, दूध तापवलं का. झाकण ठेवलं का.

झोपेत बडबडत असेन, त्याने स्वतःची समजूत घातली. पण झोपेत बडबडणारा माणूस मशीन उघडेल? नाव कुठलं घालेल? जागेपणी तर वर्षभर सापडलं नव्हतं.

आता सव्वाबारा व्हायला आले होते. तो एकेक लावत गेला. सगळीकडे तेच. त्याचा आवाज. मग पोकळी. परत त्याचा आवाज. त्या पोकळीत कान घालून तो ऐकायचा. स्पीकर मोठा केला. नुसता पंखा मोठा झाला.

शेवटचं रेकॉर्डिंग कालच्या रात्रीचं.

"उद्या?"

पंखा.

"का? जागलो तर काय होईल?"

पंखा. ह्या वेळी खूप वेळ.

"बरं गं... झोपीन लवकर. नाही जागणार."

संपलं.

घड्याळजीने भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं. मग अंथरुणाकडे. ते सकाळी घडी केलं तसंच होतं.

तेव्हा त्याला दिसलं. पडद्याच्या खालच्या बाजूला एक लाल ठिपका. चालू-बंद. चालू-बंद. ह्या खात्यातून आत गेलं की रेकॉर्डिंग सुरू होत होतं. म्हणजे त्याने मशीन उघडल्यापासून ते चालूच होतं. ठिपक्याशेजारी एक हिरवी रेघ. कोणी बोललं की ती रेघ डोंगरासारखी वर-खाली होते. बायको बोलताना त्याने ते बघितलेलं. गप्प राहिलं की रेघ सरळ.

रेघ सरळ होती.

तो श्वास धरून बसला.

रेघ हलली.

खोलीत आवाज नाही. पंख्याचा तेवढा. पण रेघ वर आली... खाली गेली... वर आली. दोन-तीन शब्दांएवढी. मग सरळ.

कोणीतरी बोललं होतं. इथे. ह्या खोलीत.

त्याने मागे वळून बघितलं नाही.

"अगं," तो म्हणाला. त्याची रेघ जाड उमटली. "मीच आहे."

सरळ रेघ.

मग परत. ह्या वेळी लांब. बारीक बारीक डोंगर, तिच्या अक्षरासारखे.

"मला ऐकू येत नाही गं तुझं. पण दिसतंय. बोल तू."

रेघ थांबली. हलली. थांबली.

"बोल ना."

तो बोलत राहिला. दुकानाचं सांगितलं, मांजरीचं सांगितलं. तिचा आवाज आठवत नाही, तेही सांगितलं. मध्ये मध्ये थांबायचा. रेघ हलायची. त्याला वाटलं, ती ऐकतेय. त्याला वाटलं, आपण गप्पा मारतोय. डोळ्यांतून पाणी चाललं होतं आणि तो हसत होता.

टिकटिक मोठी झाली.

रेघ परत हलली. छोटीशी. दोन शब्दांची.

टिक... टिक.

टिक.

पडदा काळा.

त्या रात्री भिंतीपलीकडून त्याचं बोलणं काकांच्या कानावर येत होतं. फोनवर असेल, असं त्यांना वाटलं. मग एकाच्या सुमाराला त्याने दार वाजवलं. मशीनमधून जळका वास येतोय, म्हणाला. काकांनी जाऊन वायर काढली, मशीन उचलून बाहेरच्या ओट्यावर नेऊन ठेवलं. तेव्हा घड्याळजीने त्यांना हे सगळं सांगितलं, उभ्याउभ्याच. चेहरा असा की बायको नुकती माहेरी गेलीय आणि परत येणार आहे.

"एवढंच?" पेंटर हळूच म्हणाला.

"एवढंच असतं तर मी तुम्हाला सांगितलंच नसतं," काका म्हणाले.

भाचा येऊन डिस्क घेऊन गेला. नाव आता माहीत होतं, त्यामुळे कुलूप उघडण्याची अडचण नव्हती. पण डिस्कच मेलेली. बाकी सगळी रेकॉर्डिंगं गेली. एक निघालं. त्या रात्रीचं. भाच्याने ते दुकानात ऐकलं आणि मामाला फोनवर काही सांगितलं नाही. रात्रीची बस पकडून तो स्वतः आला. लॅपटॉप टेबलावर ठेवला. काकांना म्हणाला, तुम्हीही बसा. मला एकट्याला हे जमायचं नाही.

तिघं बसले. भाच्याने ते चालू केलं.

ह्या वेळी घड्याळजीचा आवाज त्यात नव्हता. त्याने सांगितलेलं दुकान नाही, मांजर नाही, काही नाही. त्याच्या जागी नुसता पंखा. आणि मध्ये मध्ये एक बाई बोलत होती. स्वच्छ. टेबलापलीकडे बसल्यासारखी. काकांनी तो आवाज तीस वर्षं भिंतीतून ऐकलेला, त्यांना कोणी सांगायची गरज नव्हती.

"कोण बोलतंय?"

पंखा.

"कोण?... नाही हो. ह्यांचा आवाज मी ओळखते."

पंखा. खूप वेळ. इथे तो तिला सांगत होता, आवाज आठवत नाही म्हणून.

"तुमचं काय ते मला नाही माहीत. जरा ह्यांना बोलावता का?"

पंखा.

"झोपले असतील तर उठवू नका... मी थांबते."

भाच्याने मान खाली घातली होती. काकांना घड्याळजीकडे बघवेना. शेवटी तोच बोलला.

"हो," तो म्हणाला. "असाच होता आवाज."

तेव्हापासून तो आठ वाजताच दिवा मालवतो. भाच्याने दिलेला फोन उशीशी रेकॉर्डिंगला लावून झोपतो. सकाळी ऐकतो. पंखा असतो. बाकी काही नसतं.

काका थांबले. खिडकीच्या भोकातून वारा आत येत होता. खाली कुठेतरी पत्रा वाजला आणि फरशीवाला पेंटरच्या जवळ सरकला.

"संपलं ना काका?" प्लंबरने विचारलं.

"रेकॉर्डिंग संपलं नव्हतं," काका म्हणाले. "ती 'मी थांबते' म्हणाली ना, त्यानंतर आम्ही बंद करणार होतो. भाचा म्हणाला, थांबा. फाइल लांब आहे. मशीन एक वाजायच्या आत मेलं. वायर मी माझ्या हाताने काढली. रात्रभर ते बाहेर ओट्यावर पडून होतं... आणि ती फाइल उजाडेपर्यंतची आहे."

"काय आहे त्यात?"

"काही नाही. कोणी बोलत नाही. मध्येच कोणीतरी जांभई देतं. एकदा खुर्चीत सावरून बसल्यासारखं होतं. तासन्‌तास तेच. मग बाहेर दूधवाल्याची सायकल वाजते, दूरवर..."

काकांनी चादर अंगावर ओढून घेतली.

"आणि खुर्ची मागे सरकते."